अबोल्यातली नाईट ड्युटी: एका अ‍ॅम्ब्युलन्स क्रूचं प्रकरण

पेशंटच्या मुलाने हाताने लिहिलेला दोन पानी अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा मला वाटलं ऑक्सिजन संपल्याची तक्रार असणार, कारण तेवढं आमच्या कानावर आधीच आलं होतं. पण ऑक्सिजन दुसऱ्या पानावर होता. पहिल्या पानावर पहिलीच ओळ अशी होती की गाडीत मागे बसलेले दोन कर्मचारी एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांना एकमेकांना जे सांगायचं होतं ते त्या मुलामार्फत सांगत होते. "सरांना सांगा फ्लो कमी करा." "मॅडमना विचारा दुसरा सिलिंडर लावला का." आई समोर श्वासासाठी तडफडतीये आणि मुलगा दोघांच्या मधे निरोप्या. घरात नवराबायकोचा अबोला असला की पोराला मधे घालून "तुझ्या बाबांना म्हणावं जेवायला या" चालतं ना, अगदी तेच, फक्त चालत्या अ‍ॅम्ब्युलन्समधे, पहाटे चार वाजता, घाटात.

मी मूळची स्टाफ नर्स, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आणि नंतर ट्रेनिंग आणि क्वालिटीचं काम माझ्याकडे आलं. गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, तारखा, एकदोन तपशील बदललेत. एका ट्रस्टचं हॉस्पिटल, हायवेवरचं तालुक्याचं गाव, चार गाड्या, बारा तासांची ड्युटी आठ ते आठ. मोठ्या गाडीवर तिघं, पुढे पायलट आणि मागे दोन ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, पेशंटला सांभाळणारे. (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलटच म्हणतात, आणि नुसतं ड्रायव्हर म्हटलेलं त्यांना आवडत नाही, बरोबरच आहे त्यांचं.)

ती सव्वीस वर्षांची, डिप्लोमा करून आलेली, शेतकऱ्याची मुलगी, तिला सीपीआरचे पहिले कॉम्प्रेशन्स मी शिकवलेत. तो चौतीसचा, सीनियर ईएमटी, हात अतिशय चांगला, हलत्या गाडीत शिर शोधून सुई लावणारा माणूस. दोघंही अविवाहित. आणि तिसरे मामा, म्हणजे पायलट, पन्नाशी ओलांडलेले. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: सीनियर असल्यामुळे ड्युटी चार्ट तोच बनवायचा. कोण कुठल्या गाडीवर, कोणाला नाईट, कोणाला ऑफ, सगळं त्याच्या हातात, आणि वर सहीला जायचं तेव्हा कोणी बघत नव्हतं.

दोघांचं जमलंय हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. वर्षभर तरी. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षात ती आमची सगळ्यात चांगली जोडी होती, म्हणून मीही काही बोलले नाही. बारा तास एका गाडीत, अपघाताच्या ठिकाणी रक्तात हात घालून, परतताना टपरीवर एका कपातला चहा दोघांत, रात्री दोनला बेसवर येऊन काय बघितलं ते घरी कोणाला सांगता येत नाही कारण घरच्यांना झोप लागणार नाही. मग बोलायला कोण उरतं, जो शेजारी होता तोच. या कामात माणसं एकमेकांजवळ येतात यात मला कधीच काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ड्युटीवर त्यांनी कधी मर्यादा सोडली असंही कोणी सांगितलं नाही, मामांनी तर मला स्पष्ट सांगितलं की "ताई, गाडीत पेशंट असो नसो, पोरांनी कधी मान खाली घालायला लावली नाही".

बिनसलं ते वेगळ्याच कारणाने. त्याच्या घरच्यांनी मुली बघायला सुरुवात केली, जात वेगळी असल्यामुळे हिचं नाव घरी काढायची त्याची हिंमत झाली नाही, आणि एका रविवारी तो हिला न सांगता बघण्याच्या कार्यक्रमाला जाऊन आला. हिला कळलं ते त्याच्या चुलतबहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून, पोह्यांच्या डिश आणि नारळ आणि मागे हा. सोमवारी तिने बोलणं बंद केलं.

आता इथे नीट बघा. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला मेसेज केला. मी तो स्वतः वाचला आहे, चौकशीत तिने दाखवला. "सर या आठवड्यात माझी गाडी बदलून द्या प्लीज". आधी ती त्याला सर म्हणत नव्हती. त्याने उत्तर दिलं, "बोलू आपण आधी". चार्ट बदलला नाही. तिने दोन दिवसांनी परत विचारलं, त्याने पुढच्या आठवड्याच्या पाचही नाईट एकत्रच लावल्या. त्याचं म्हणणं असं होतं की मला फक्त बोलायची संधी हवी होती, गाडीत तरी ती ऐकेल. मला त्याचं हे खोटं वाटत नाही. पण बारा तास एका बंद गाडीत एखाद्या मुलीला आपल्याशी बोलणं भाग पडेल अशी व्यवस्था करणं, आणि तीही ऑफिसने दिलेल्या अधिकाराने, हे काय आहे ते त्याला त्या वेळी दिसलं नाही. वरच्या साहेबांकडे तिने का नाही मागितलं? कारण तिथे पहिला प्रश्न आला असता "का?", आणि त्या "का"चं उत्तर संध्याकाळपर्यंत तिच्या वडिलांपर्यंत गेलं असतं. आमच्या गावात जातं.

अबोल्याचा अकरावा दिवस.

रात्री एकच्या सुमारास हायवेवर अपघाताचा कॉल, त्यात स्पेअर सिलिंडर वापरला गेला. परत आल्यावर नियम असा की रिकामा सिलिंडर लगेच स्टोअरमधून बदलून घ्यायचा. सव्वातीनला शेजारच्या तालुक्यातून रेफर केस, बासष्ट वर्षांच्या बाई, हृदय कमजोर होऊन फुफ्फुसात पाणी झालेलं, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं, रस्ता एक तास वीस मिनिटांचा. नॉन रिब्रीदर मास्क, म्हणजे खाली पिशवी असलेला, मिनिटाला दहा लिटरने ऑक्सिजन. ऐंशी मिनिटांचा रस्ता आणि अर्धा तास राखीव धरा, म्हणजे एकशे दहा मिनिटं गुणिले दहा, अकराशे लिटर ऑक्सिजन लागणार. आमच्या गाडीत बी टाईपचे दोन सिलिंडर असतात, भरलेला असेल तर गेजवर प्रेशर दीडशे आणि आत साधारण पंधराशे लिटर. म्हणजे निघताना गेजवर निदान एकशे दहा पाहिजे. मुख्य सिलिंडरवर साठ होते. साठ म्हणजे सहाशे लिटर, म्हणजे एक तास, तोही अगदी शेवटच्या फुंकरीपर्यंत ओढला तर. आणि स्पेअर रिकामा, कारण तो कोणी बदललाच नव्हता.

चाळीस मिनिटांनी घाटात तिचं लक्ष गेजकडे गेलं, वीस. तिने स्पेअरला चावी लावली, फुस्स पण नाही. मग त्या मुलाला म्हणाली सरांना सांगा फ्लो सहावर करा. सहावर नॉन रिब्रीदरची पिशवी फुगत नाही म्हणून साधा मास्क लावला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ब्याण्णववरून चौऱ्याऐंशीवर आलं. तिथे मात्र मामांनी आरशात बघितलं आणि कोणाला न विचारता गाडी वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयाकडे वळवली, नाईटच्या सिस्टरला उठवलं आणि सिलिंडर स्वतः खांद्यावर टाकून आणला. अठरा मिनिटं गेली. बाई आयसीयूत पोचल्या आणि नऊ दिवसांनी घरी गेल्या. त्या वाचल्या म्हणून हे प्रकरण "अभ्यास" म्हणून लिहिता येतंय, नाहीतर ते पोलीस स्टेशनात लिहिलं गेलं असतं.

त्या रात्रीची चेकलिस्ट मी मागवून घेतली. ओटू, म्हणजे ऑक्सिजन, त्यासमोर दोन टिक होत्या, शेजारी शेजारी. एक निळ्या पेनाची, एक काळ्या. दोघांनी वेगवेगळं येऊन टिक केलेलं. किती प्रेशर होतं तो आकडा कुठेच नाही, कारण आमच्या फॉर्मवर आकड्याला जागाच नव्हती, नुसता चौकोन. तोंडाने मात्र आकडा बोलायची पद्धत होती. एकजण व्हॉल्व उघडून ओरडतो "दीडशे", दुसरा "दीडशे" म्हणून टिक करतो. ही पद्धत कोणी लिहून ठेवली नव्हती, ती बोलण्यावर चालायची. दोघांना विचारलं तर तो म्हणाला तिने टिक केलीये म्हणजे बघितलं असणार, ती म्हणाली त्यांची टिक होती म्हणून मी केली. स्टोअरच्या रजिस्टरला दोन दिवसांत एकही सिलिंडर बदलल्याची नोंद नव्हती. मी तो कागद हातात घेऊन किती वेळ बसले होते मला सांगता येणार नाही. दोन टिक. दोन माणसं असतात ती एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून असतात, आणि इथे दोघं असूनही एकसुद्धा नव्हतं.

एका गाडीवरच्या दोघांच्या प्रेमाबद्दल लोक बोलतात तेव्हा सगळ्यांना काळजी असते ती प्रेम जुळल्यावर काय होईल याची, दोघं गाडीत काय करत असतील, कॉल आला तरी निघतील का वगैरे. ती काळजी पूर्ण चुकीची नाही, कॉलला उशीर केला तर तो गुन्हाच आहे मग कारण प्रेम असो नाहीतर चहा. पण निदान आमच्याकडे जुळलेलं असताना काम चोख होतं, आणि मोडल्यावर दोघांना वेगळं व्हायला दारच नव्हतं म्हणून पेशंटच्या जिवावर बेतलं.

ऑफिसने काय केलं

तीन दिवसांत ऑर्डर निघाली. तिला गाडीवरून काढून फोन डेस्कवर जनरल ड्युटी, वर "सक्त ताकीद". त्याला नुसता मेमो, गाडी तीच, चार्टही त्याच्याकडेच. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की तिच्या भल्यासाठीच, मुलगी आहे, चर्चा होते. चर्चा त्या बदलीनेच झाली. तोपर्यंत ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं आणि जे कळलं ते भलतंच, गाडीत काहीतरी "सापडलं" म्हणे. काही सापडलं नव्हतं. सिलिंडर रिकामा सापडला होता.

आणि बोर्डावर नोटीस लागली की ड्युटीवर महिला आणि पुरुष कर्मचाऱ्यांनी कामाव्यतिरिक्त एकमेकांशी बोलू नये. बोलणं थांबल्यामुळे हे झालं आणि आपण अजून न बोलण्याचा हुकूम काढतोय, हे मी मीटिंगमधे म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला होता आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मग चौकशी माझ्यासकट तिघींकडे आली. मी तीन गोष्टी वेगळ्या करायचा आग्रह धरला कारण सगळे त्यांचा एकच गोळा करत होते. ऑक्सिजन न तपासणं ही चूक दोघांची, समसमान, आणि फॉर्मची सुद्धा. त्याबद्दल जी कारवाई ती दोघांना सारखी व्हायला हवी. त्यांचं नातं ही चूकच नाही, दोन सज्ञान माणसं आहेत, संस्थेचा त्यात संबंध एवढाच की नात्याचा परिणाम पेशंटवर किंवा दुसऱ्या स्टाफवर होऊ नये. आणि तिसरी गोष्ट जी कोणाला बघायची नव्हती ती म्हणजे चार्ट. तिने दोनदा लेखी मागूनही तिला त्याच गाडीवर ठेवणं.

या तिसऱ्या गोष्टीसाठी कायदा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाही इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची सदस्य. कामाच्या ठिकाणात मालकाने कामासाठी दिलेलं वाहन पण येतं, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स येतेच. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, समितीला कारण पटलं तर अजून तीन महिने वाढवून मिळतात, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. आधी संमती होती म्हणून नंतर नकार देता येत नाही असं कुठे लिहिलेलं नाही, उलट कायद्याचा सगळा भर नको असलेल्या वागणुकीवर आहे. आमची समिती कागदावर होती. बाहेरच्या सदस्य वारून दीड वर्ष झालं होतं, त्यांच्या जागी कोणी नेमलं नव्हतं, आणि स्टाफमधल्या निम्म्या मुलींना समितीत कोण आहे ते माहीत नव्हतं.

मी तिला घरी बोलावून सगळं समजावून सांगितलं, तक्रार कर असंही नाही आणि करू नको असंही नाही. तिने दोन दिवस मागितले आणि मग नाही म्हणाली. "मॅडम, त्यांनी मला त्रास द्यायला केलं नाही हे मला माहितीये. पण मी दोनदा म्हटलं होतं बदला म्हणून. ते कोणीतरी लिहून ठेवा फक्त." मी लिहून ठेवलं, अहवालात पान चारवर, तिच्या मेसेजच्या तारखांसकट. नातं आधी संमतीचं असलं तरी त्याने आपला अधिकार त्या दोन मेसेजनंतर चुकीचा वापरला, असं मी त्याला समोर बसवून सांगितलं, आणि बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला चार्ट माझ्याकडून काढून घ्या. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर परत वाटला.

मग बदललं काय

मी सुरुवातीला बाहेरच्या देशांसारखा नियम सुचवणार होते, कोणाचं नातं असेल तर वरिष्ठांना कळवा म्हणजे एका गाडीवर लावणार नाही. कागदावर छान आहे. ब्रिटनमधे पॅरामेडिकला नोंदणी असते, वेगळी नियामक संस्था असते, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएस इंग्लंडने, सप्टेंबर २०२३ मधे लैंगिक सुरक्षेची सनद काढली, तिथे हे सगळं बसतं. आपल्याकडे २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात ईएमटीच्या पदाचं नाव आलंय खरं, पण आमच्या पोरांच्या नोकरीत अजून त्याने काही फरक पडलेला मी बघितला नाही. आणि आमच्यासारख्या गावात नातं "कळवा" म्हटलं तर कोण कळवणार? जात वेगळी, घरी माहीत नाही, ऑफिसचा क्लार्क मुलीच्या मावसभावाचा मित्र. कोणी कळवणार नाही आणि आपण फाईल लावून समाधानी होणार.

म्हणून उलटं केलं. कारण विचारायचंच नाही. कोणीही ईएमटी किंवा पायलट, महिन्यातून दोनदा, कारण न देता क्रू बदलून मागू शकतो, ती मागणी नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडे जाते आणि तिने चोवीस तासांत द्यायचीच. भांडण असेल, प्रेम असेल, उधारी असेल, घोरण्याचा त्रास असेल, आम्हाला जाणून घ्यायचं नाही. साहेबांना भीती वाटली की सगळे रोज बदल मागत सुटतील. पहिल्या सहा महिन्यांत पाच अर्ज आले. त्यातले दोन पायलटचे होते, ज्याचा आम्ही कोणी विचारच केला नव्हता.

चार्ट आता गाडीवर न जाणारी व्यक्ती बनवते. ओटूसमोर आकडा लिहायचा, टिक चालत नाही. आणि चेकलिस्ट मोठ्याने वाचायची ती पायलटसमोर, तिघांच्या सह्या. हे मामांनी सुचवलं. चौकशीत ते म्हणाले होते, "ताई मला अकरा दिवस दिसत होतं, पण मी ड्रायव्हर माणूस, मागच्या दोघांच्यात कसा बोलू". त्यांच्या तोंडून ड्रायव्हर हा शब्द मी तेव्हाच ऐकला. ज्या माणसाने त्या रात्री पेशंट वाचवला त्याला अकरा दिवस बोलायची सोय नव्हती.

बेसवर झोपायची खोली एकच होती, एक कॉट, कडी मोडलेली. ती दोन करायला मी आधी तीन वर्षं पत्रं लिहिली होती. ऑगस्ट २०२४ मधे कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीची हॉस्पिटलच्या सेमिनार हॉलमधे, विश्रांतीला गेलेली असताना, हत्या झाली आणि सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला, त्यानंतर आमच्याकडे महिन्याभरात भिंत उठली आणि कडी लागली. असं व्हावं लागतं याचा मला फार त्रास होतो. आणि खोल्या वेगळ्या केल्या त्या माणसांना नीट झोप मिळावी आणि आतून कडी लावता यावी म्हणून, कोणावर पाळत ठेवायला नाही, हे मला प्रत्येक मीटिंगमधे परत सांगावं लागतं.

एक जुनी गोष्ट आठवली. आमच्याकडे आधी एक नवराबायको होते, तो पायलट ती ईएमटी, सहा वर्षं काम केलं. त्यांनी पहिल्याच महिन्यात स्वतःहून सांगितलं होतं की आम्हाला एका गाडीवर लावू नका, घरचं भांडण गाडीत नको आणि गाडीतलं घरी नको. तेव्हा सगळे त्यांच्यावर हसले होते, मीसुद्धा. त्यांचं लग्न झालेलं होतं म्हणून त्यांना हे मोकळेपणी म्हणता आलं. हिला म्हणता आलं नाही.

ती आठ महिन्यांनी नोकरी सोडून पुण्याला गेली. फोन डेस्कवर तिचं मन लागत नव्हतं, गाडीवर परत घ्यायचं आमच्या अहवालात होतं पण ऑर्डर निघायला इतका वेळ लागला की तोवर तिने दुसरीकडे बघितलं. त्याच सुमारास त्यानेही सोडलं. दोघांचे अनुभवाचे दाखले एकाच दिवशी टाईप झाले आणि सहीसाठी फिरताना माझ्या टेबलावर आले. त्याच्या दाखल्यावर वर्तणूक "उत्तम". तिच्यावर "समाधानकारक". मी क्लार्कला विचारलं हे कोणी सांगितलं, तो म्हणाला कोणी नाही मॅडम, मीच टाकलं, ते प्रकरण झालं होतं ना.

मी दाखला परत पाठवला. पुन्हा टाईप होऊन, सही होऊन यायला दोन आठवडे लागले, दोनदा साहेबांच्या केबिनबाहेर बसले. दोन्हीकडे एकच शब्द आला तेव्हा तो कुरिअर केला आणि पोचल्याचा तिचा मेसेज आला.